मुलांच्या तोंडातली गाठ : भीती किती, लेझर कशाला?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. "तू रोज काय करतेस ते सांग, पण आम्हाला कळेल असं सांग," अशी अट आहे. आपल्यापैकी कुणी बँकेतून निवृत्त झालंय, कुणी शेती बघतंय, कुणी परदेशात नातवंडं सांभाळायला जाऊन आलंय. मी मुखशल्यचिकित्सक आहे. म्हणजे तोंड, जबडा आणि चेहरा यांच्या शस्त्रक्रिया करते. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे लहान मुलं जास्त येतात आणि बहुतेक वेळा ती तोंडातल्या गाठीसाठी येतात.

हा विषय घ्यायला मी लगेच तयार झाले, त्याला आपला व्हॉट्सॲप ग्रुप कारण आहे. सकाळच्या शुभेच्छांच्या फुलांमधून अधूनमधून एखादा फोटो मला वेगळा येतो. उघडलेलं छोटं तोंड, मोबाईलच्या टॉर्चचा उजेड, आणि खाली प्रश्न : "नातीच्या ओठात गाठ आली आहे. काळजीचं आहे का?" पुढचा शब्द कुणी लिहीत नाही, पण मनात काय आहे ते मला कळतं. आपल्या घरांत 'गाठ' हा शब्दच दबक्या आवाजात उच्चारला जातो. म्हणून पहिलं वाक्य सगळ्यांसाठी : लहान मुलांच्या तोंडात येणाऱ्या बहुतेक गाठी साध्या असतात. त्या कर्करोग नसतात आणि पुढे जाऊन कर्करोग होतही नाहीत. पण 'बहुतेक' या शब्दाकडे लक्ष ठेवा. माझं सगळं काम त्या एका शब्दात आहे.

आधी या गाठींची ओळख करून देते.

सगळ्यात जास्त दिसते ती खालच्या ओठाच्या आतली गाठ. ओठात बारीक बारीक लाळग्रंथी असतात. मूल पडतं, ओठ दाताखाली येतो, किंवा त्याला ओठ चावायची सवयच असते. ग्रंथीची नळी फाटते आणि लाळ बाहेर पडण्याऐवजी आत साचते. वाटाण्याएवढा, जरा निळसर, पारदर्शक फुगा तयार होतो. आत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं चिकट पाणी असतं. याला म्युकोसील म्हणतात. गंमत अशी, की तो जेवताना फुटतो, सपाट होतो, घरचे म्हणतात "बरं झालं, गेला एकदाचा," आणि काही दिवसांत तो परत भरतो. घरी सुईने फोडून त्यावर हळद किंवा तुरटी लावलेली मुलं माझ्याकडे येतात. ग्रंथी आत तशीच असते, त्यामुळे फुगा पुन्हा येणारच. वर सुईमुळे जंतूंना वाट मिळते. हाच प्रकार जिभेखाली झाला तर गाठ मोठी होते, बेडकाच्या फुगलेल्या गळ्यासारखी दिसते. म्हणून तिचं नावच रॅन्युला. लॅटिन भाषेत राना म्हणजे बेडूक.

दुसरा प्रकार हिरडीवरच्या लालभडक गाठीचा. ब्रश लागला तरी भळाभळा रक्त येतं, त्यामुळे घरचे फार घाबरतात. दातांवरची घाण, तुटलेल्या दाताची कड, सतत घासणारं काहीतरी, अशा त्रासाला हिरडीने दिलेलं ते उत्तर असतं. तिसरा प्रकार चामखिळीसारखा, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा दिसणारा. तो विषाणूमुळे होतो. चौथा, गालाच्या आत दाताखाली सारखा येणारा घट्ट मांसल गोळा. आणि पाचवा गट रक्तवाहिन्यांच्या आणि लसिकावाहिन्यांच्या गाठींचा. ओठावर, जिभेवर लाल, जांभळट किंवा साबुदाण्याच्या दाण्यांसारखे उंचवटे दिसतात.

काही गाठींना तर हातसुद्धा लावायचा नसतो. महिना-दोन महिन्यांच्या बाळाच्या हिरडीवर किंवा टाळूवर मोत्यासारखे पांढरे दाणे दिसतात. आजी म्हणते दात आले, शेजारीण म्हणते खरडून काढा. ते आपोआप जातात. आपल्यापैकी एका आजोबांनी मला मध्यरात्री नातवाच्या हिरडीवरच्या निळ्या-काळ्या फुगवट्याचा फोटो पाठवला होता. ती येणाऱ्या दाताच्या डोक्यावरची पिशवी होती. मी लिहिलं, "काही करू नका, दात येतोय." दोन आठवड्यांनी त्याच जागी नव्या दाताचा फोटो आला आणि त्याखाली पेढ्यांचं चित्र. ते पेढे अजून बाकी आहेत, आणि आजोबा आज सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

आता एक गंभीर गोष्ट सांगते. आमच्या रुग्णालयात एक दिवसाची मुलगी आली होती. वरच्या हिरडीतून बोराएवढी गाठ बाहेर लोंबत होती. तोंड मिटत नव्हतं, अंगावर पिता येत नव्हतं. या गाठीला जन्मजात एप्युलिस म्हणतात. १८७१ साली नॉयमान या जर्मन डॉक्टरांनी तिचं पहिलं वर्णन केलं. ती मुलांपेक्षा मुलींमध्ये खूप जास्त आढळते, बहुतेक वेळा वरच्या जबड्यात पुढच्या बाजूला असते, जन्मानंतर वाढत नाही आणि एकदा काढली की परत येत नाही. लहान असली तर कधी कधी आपोआप आटतेसुद्धा. वैद्यकीय दृष्टीने इतका सरळ आजार विरळा. पण बाहेर बाकावर त्या बाळाची आई मान खाली घालून बसली होती, कारण घरात ठरून गेलं होतं की तिने ग्रहणात विळी हातात घेतली. बाळंतीण, एका दिवसाची लेक, आणि डोक्यावर हा आरोप.

आम्ही बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांच्याबरोबर बसून ठरवलं. दुसऱ्या दिवशी कार्बन डायऑक्साइड लेझरने गाठीचा देठ कापला. रक्त जवळजवळ आलंच नाही. नवजात बाळाच्या अंगात एकूण रक्तच किती असतं? थोडंसं गेलं तरी फार होतं. म्हणून तिथे लेझरची किंमत मोठी. संध्याकाळी बाळ अंगावर प्यायलं. मी सासूबाईंना आत बोलावून बरणीतली गाठ दाखवली आणि म्हटलं, "आजी, ही तुमच्या सुनेने केलेली नाही. ग्रहणानेही नाही. पोटात असताना काही पेशी जागा चुकून वाढल्या, एवढंच." पॅथॉलॉजीचा अहवाल आल्यावर तो पुन्हा मराठीत वाचून दाखवला. आजी काही बोलल्या नाहीत, पण जाताना बाळाला त्यांनी स्वतः घेतलं आणि सुनेची पिशवीही घेतली.

या लेझरमागे आपल्या मातीतला एक माणूस आहे, हे शास्त्राच्या सरांना नक्की आवडेल. लेझरमागचं तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडलं. प्रत्यक्ष पहिला लेझर १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला. आणि ज्या कार्बन डायऑक्साइड लेझरने आम्ही त्या बाळाची गाठ काढली, तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी शोधला. पटेल यांचा जन्म १९३८ सालचा, बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढे स्टॅनफर्डला गेले. पंचविशीतल्या तरुणाने शोधलेला तो लेझर पुढे कारखान्यांत पोलाद कापायला गेला आणि शस्त्रक्रियागृहातही आला.

पोलाद कापणारा किरण बाळाच्या हिरडीवर कसा चालतो? सर, तुम्ही शिकवलेलंच वापरते. प्रत्येक लेझरची तरंगलांबी ठरलेली असते, आणि कुठला पदार्थ ती शोषून घेणार हे त्यावरून ठरतं. कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. ती पाणी फार पटकन शोषतं. आपल्या तोंडाची त्वचा म्हणजे बहुतांशी पाणीच. किरण पडला की वरच्या थरातल्या पेशींमधलं पाणी क्षणात उकळतं आणि पेशी वाफ होऊन उडतात. ऊर्जा वरच्या थरातच संपते, म्हणून खाली फारसा चटका जात नाही. दवाखान्यात जास्त दिसतो तो डायोड लेझर. त्याची तरंगलांबी साधारण ८०० ते ९८० नॅनोमीटरच्या घरात. तो रक्तातलं हिमोग्लोबिन आणि त्वचेतलं रंगद्रव्य जास्त शोषतं, म्हणून रक्ताळ गाठींसाठी तो उपयोगी. कापता कापताच बारीक रक्तवाहिन्यांची तोंडं उष्णतेने बंद होतात.

मुलांच्या बाबतीत याचा फायदा काय? रक्त कमी, त्यामुळे मला नीट दिसतं आणि मूल रक्त बघून घाबरत नाही. बऱ्याचदा टाके लागत नाहीत, म्हणजे पुढे टाके काढायची भीतीही नाही. सूज कमी येते. सात वर्षांच्या मुलाच्या ओठातला म्युकोसील ग्रंथीसकट काढणं हे डायोड लेझरने दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि खुर्चीत बसून दहा मिनिटं शांत राहणं हे कुठल्याही मुलासाठी मोठं काम आहे. आधी आम्ही त्याला हिरवा किंवा निळा चष्मा घालतो, आरशात दाखवतो, यंत्राचा 'टीं टीं' आवाज ऐकवतो. सांगायचं, दाखवायचं, मग करायचं. आपल्या चित्रकलेच्या सरांची पद्धत हीच होती.

पण इथेच थोडं थांबून दुसरी बाजू सांगायला हवी, कारण आजकाल 'लेझर' या शब्दाची पाटी लागली की लोकांना वाटतं जादू आली. 'विनावेदना, विनाभूल' अशा जाहिराती असतात. लेझरनेही दुखतं. गाठ काढायची तर जागा बधिर करण्याचं इंजेक्शन बहुतेक वेळा द्यावंच लागतं. अगदी वरवरच्या लहान गोष्टीला नुसतं मलम पुरतं, तेवढाच अपवाद. मोठी गाठ, फार लहान मूल, जिभेच्या मागची जागा असेल तर पूर्ण भूलच लागते. आणि त्या वेळी प्राणवायूच्या नळीवर किरण पडला तर आग लागू शकते, म्हणून ओलं कापड, खास नळी आणि अनुभवी भूलतज्ज्ञ लागतात. खोलीतल्या प्रत्येकाने, मुलानेसुद्धा, त्या त्या लेझरचाच चष्मा घालायचा असतो. विषाणूच्या चामखिळी जाळताना निघणारा धूर यंत्राने ओढून घ्यावा लागतो, कारण त्या धुरात विषाणूचे अंश असू शकतात. यातलं काही दिसलं नाही तर पालकांनी खुशाल विचारावं.

दुसरं, साध्या ब्लेडने होणारं बरंच काम आजही ब्लेडने उत्तम होतं. लेझर नाही म्हणून तालुक्याच्या गावातल्या मुलाचं ऑपरेशन अडत नाही. यंत्रापेक्षा ही गाठ कसली आहे हे कोण आणि कसं ठरवतंय, ते महत्त्वाचं.

एक नऊ वर्षांचा मुलगा आठवतो. पुढच्या दोन दातांमध्ये हिरडीवर गाठ होती. सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी ती लेझरने 'जाळून' टाकली होती. आता ती दुप्पट होऊन परत आली होती, दात थोडे सरकले होते. मी वडिलांना विचारलं, पहिल्या वेळचा तपासणीचा अहवाल कुठे आहे? अहवाल नव्हताच. गाठीचा तुकडा पाठवलाच नव्हता. पूर्ण वाफ केल्यावर पाठवणार काय? त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी तिथे काय होतं, हे सांगायला कुणाकडे काहीच नव्हतं. दात सरकवणारी, परत आलेली गाठ आणि मागचा पुरावा नाही, तेव्हा डॉक्टरच्या मनात काय काय येतं ते मी वडिलांना सांगितलं नाही, पण ते त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. आम्ही क्ष-किरण फोटो काढला, छोटा तुकडा घेऊन फॉर्मेलिनमध्ये पाठवला. अहवाल यायला जे दिवस गेले, त्यात त्या वडिलांनी दुकान उघडलं नाही. निदान साधंच निघालं. दाताच्या मुळाभोवतीच्या धाग्यांपासून उगवणारी गाठ होती ती. तिची मुळं हाडापर्यंत खरवडून काढली नाहीत, तर ती परत येते. पहिल्यांदा वरचा भाग जळला होता, मूळ तसंच राहिलं होतं. दुसऱ्या वेळी मुळापर्यंत काढली, दात स्वच्छ केले. दोन वर्षं झाली, जागा चांगली आहे.

म्हणून एक नियम लक्षात ठेवा. तोंडातून काढलेली गाठ कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये. ती बरणीत जायला हवी, बरणी प्रयोगशाळेत, आणि अहवाल तुमच्या हातात. लेझरने कापायचं तर कडेचा भाग उष्णतेने थोडा होरपळतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली नीट वाचता येत नाही, म्हणून आम्ही जरा बाहेरून कापतो. डॉक्टरांना विचारायला लाजू नका : "तुकडा पाठवणार ना?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

आणि कधी कधी बरोबर उत्तर असतं की लेझर नकोच. चार महिन्यांच्या बाळाच्या ओठावर लाल रक्तवाहिन्यांची गाठ घेऊन आईवडील आले होते, लेझरचे पैसे जमवूनच. अशा गाठी जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत दिसू लागतात, काही महिने भराभर वाढतात आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू ओसरतात. बऱ्याच बाळांत नुसती वाट बघणं पुरतं. दूध पिण्यात अडथळा येत असेल, जखम होत असेल, तर प्रोप्रॅनोलॉल नावाचं औषध देतात. हे मुळात हृदयाचं औषध. २००८ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ते दिल्यावर या गाठी आक्रसतात असं प्रसिद्ध केलं आणि जगभर उपचारच बदलला. मात्र ते बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायचं. त्या आईवडिलांना मी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि जमवलेले पैसे त्यांनी घरी परत नेले. त्यांना आधी विश्वासच बसेना की ऑपरेशन करणारी बाई ऑपरेशन नको म्हणते आहे.

लेझरनंतर घरी काय करायचं, हे आजी-आजोबांसाठी सांगते, कारण आईवडील कामावर आणि नातवंडं तुमच्याकडे. ओठ दोन-तीन तास बधिर असतो. मूल गंमत म्हणून तो चावतं आणि मोठी जखम करून घेतं, तेवढा वेळ नजर ठेवा. पहिले काही दिवस मऊ वरण-भात, थंड दूध, दही, आइस्क्रीम. चिवडा, कुरकुरे, तिखट बंद. जखमेवर पिवळट-पांढरा थर येतो. तो पू नाही, खपली आहे. ओल्या तोंडात ती तशीच दिसते. ती खरडू नका, वर मध-हळद चोपडू नका. आठवड्या-दोन आठवड्यांत खालून नवी त्वचा येते.

आणि आता 'बहुतेक' या शब्दाचं उरलेलं उत्तर. गाठ पटापट वाढत असेल, कडक असेल, दात अचानक हलू लागले असतील, ओठ किंवा हनुवटी बधिर वाटत असेल, कारणाशिवाय रक्त येत असेल, गळ्यात गाठी लागत असतील, मूल वाळत असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत काहीच कमी होत नसेल, तर फोटो पाठवू नका. मुलाला घेऊन या. मुलांमध्ये वाईट गाठ क्वचित असते, पण ती लवकर सापडली तर आज उपचार चांगले आहेत. आणि निळ्या-जांभळ्या गाठीत घरी कधीही सुई घालू नका, रक्तवाहिनीची असली तर रक्त थांबवणं अवघड जातं.

शेवटी, समोर बसलेल्या बाई आणि सर, हे तुमच्यासाठी. मुलाच्या तोंडातलं आईनंतर कुणाला आधी कळत असेल तर ते वर्गशिक्षकांना. डबा परत घरी नेणारं मूल, धडा वाचताना अचानक अडखळायला लागलेलं, हसताना ओठावर हात ठेवणारं मूल तुमच्याच नजरेला पडतं. आपल्या शाळेच्या प्राथमिक विभागात आज जी मुलं आहेत, त्यांतल्या अनेकांच्या घरी दवाखान्यात जाणं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणं. म्हणून मुख्याध्यापकांशी मी सकाळी बोलले आहे. दरवर्षी जुलैमध्ये एक शनिवार मी आणि माझे दोन सहकारी शाळेत येऊ, पहिली ते चौथीच्या प्रत्येक मुलाचं तोंड तपासू, आणि ज्यांना पुढे न्यायला हवं त्यांची यादी शाळेला देऊ. त्या मुलांच्या जाण्यायेण्याचा आणि तपासणीचा खर्च आपल्या बॅचच्या निधीतून व्हावा, असा माझा प्रस्ताव आहे. आजच्या जमाखर्चाच्या सत्रात तो मांडावा ही विनंती.

पेढ्यांची थकबाकीही त्याच निधीत जमा केली तरी चालेल.